चकाकती लादी आणि धुळीने भरलेली छाती

लादी पॉलिश करणारा कारागीर दारात आला की आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो, चौरस फुटाला किती घेणार? दुसरा विचारतो, त्यात कमी किती करणार? आणि तिसरा, काम कधी संपवणार? या तीन प्रश्नांत आपली सगळी चौकशी संपते. तो कोणता दगड वापरणार, पाणी किती घेणार, कोपरे कशाने घासणार, निघालेला चिखल कुठे टाकणार, त्याच्या नाकातोंडावर काही आहे की नाही, यातले एकही आपण विचारत नाही. चार दिवसांनी लादी आरशासारखी दिसते, पाहुणे कौतुक करतात आणि विषय मिटतो. परंतु तो विषय खरोखर मिटतो का? लादीवरून उडालेली धूळ कुठेतरी गेलेली असते. ती कुणाच्या तरी छातीत जाऊन बसलेली असते.

अन्याय-अत्याचाराच्या एवढ्या बातम्या असताना लादीच्या पॉलिशवर लिहिण्याची ही काय वेळ आहे, असे काही वाचकांना वाटेल. पण श्रमाचा प्रश्न गिरणीच्या आणि कारखान्याच्या फाटकावरच असतो, हा समज आता सोडून दिला पाहिजे. गिरण्या गेल्या. आज श्रमिक आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत, आपल्या डोळ्यांसमोर, दोन दिवसांसाठी कामाला येतो आणि निघून जातो. त्याला ना हजेरीपट, ना युनियन, ना दवाखाना. तो सकाळी नाक्यावर उभा राहतो आणि जो बोलावील त्याच्यामागे जातो. मराठवाड्यातून, विदर्भातून, राजस्थानातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला हा माणूस कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे दिसत नाही.

शिवाय या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्याला अधिक बोचणारी आहे. आपल्या समाजाचे घर बदलले आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या राहिल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्यातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बळावर कुणी नाशिकला फ्लॅट घेतला, कुणी नागपुरात बंगला बांधला, कुणी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वसाहतीत मार्बल बसवला. ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे आणि तिचा अभिमान असलाच पाहिजे. परंतु काल जो दुसऱ्याच्या घरी राबायला जात होता, त्याच्या घरी आज दुसरा माणूस राबायला येतो. काल आपण मजूर म्हणून बोलत होतो. आज आपण मालक म्हणून कसे वागतो, हा प्रश्न आहे.

आधी लादीचीच गोष्ट समजून घेऊ. कारण ज्याला लादी कळत नाही, तो स्वतःही फसतो आणि कामगारालाही नाडतो. शहाबादी आणि तांदूर फरशी, कोटा, मार्बल या सगळ्या चुनखडीच्या कुळातल्या. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कोटा राजस्थानातला, नावाजलेला मार्बल मकराण्याचा. या दगडांचा हाडवैरी म्हणजे ॲसिड. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे थेंबसुद्धा मार्बलची चकाकी खातात, मग संडास साफ करायच्या ॲसिडची काय कथा! मोझॅक लादी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले मार्बलचे तुकडे. तिचेही ॲसिडशी वाकडे. पण या सगळ्या लाद्यांचा एक मोठा गुण असा की त्या पुन्हापुन्हा घासून नव्यासारख्या करता येतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मोझॅक लादी उखडून फेकण्याची घाई अनेक जण करतात. ती लादी तुटलेली नसेल, पोकळ वाजत नसेल, तर नीट घासाई केल्यावर पुढची कित्येक वर्षे काढते. उखडण्याचा खर्च, राडारोडा आणि नव्या लादीचे पैसे तिघेही वाचतात.

ग्रॅनाइट कठीण. त्याला घरच्या वापरात पॉलिशची गरज क्वचितच पडते. आणि आजच्या नव्या इमारतींत सरसकट बसवतात त्या व्हिट्रिफाइड टाइल्स भट्टीत भाजलेल्या असतात. त्यांची चकाकी कारखान्यातच दिलेली असते. तिला घरी येऊन कुणी 'पॉलिश' करून देतो म्हणाला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे. त्या टाइल्सना साबणाचे कोमट पाणी आणि सांध्यांची सफाई पुरते. सांधे काळे पडले असतील तर ते खरवडून नव्याने भरून घ्यावेत, एवढेच. नव्या घरात गेलेल्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवले तर बरेच पैसे वाचतील. गावाकडच्या घरातला सिमेंटचा कोबा असेल तर त्यालाही रोज ओले फडके आणि फुटलेल्या जागी वेळीच डागडुजी एवढेच लागते.

आता घासाई कशी होते ते पाहू. मोझॅक किंवा मार्बल बसवल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, खालचा माल पक्का व्हावा लागतो. त्यानंतर यंत्राच्या तळाला घासण्याचे दगड बसवतात. आधी जाड दाण्याचा, साधारण ६० नंबरचा. मग १२० चा. मग ३२० च्या पुढचा बारीक. दर टप्प्यानंतर लादी धुवायची, बारीक छिद्रे आणि सांधे त्याच रंगाच्या सिमेंटने भरायचे, ते सुकू द्यायचे आणि मग पुढचा टप्पा. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड पाण्यात कालवून घोटायची आणि स्वच्छ धुवायचे. हे सगळे भरपूर पाण्यात करायचे. हा झाला शास्त्राप्रमाणे केलेला प्रकार. त्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात.

आपण दर पाडला की काय होते? कारागीर मधला टप्पा गाळतो. ६० नंतर एकदम बारीक दगड लावतो. ओरखडे तसेच राहतात, ते दिसू नयेत म्हणून वर मेण चोळतो. दोन महिन्यांत मेण जाते आणि लादी पुन्हा मळकट दिसते. सांधे भरून सुकायला जो दिवस द्यायचा तो दिला जात नाही. जुने डाग घासून काढायला वेळ नसतो, म्हणून ॲसिड ओतले जाते. लादी तेवढ्यापुरती उजळते, पण तिची वरची कातडी उघडी पडते आणि पुढे ती दुप्पट वेगाने मळते. कोपरे, जिन्याच्या पायऱ्या आणि भिंतीलगतची पट्टी, जिथे मोठे यंत्र पोहोचत नाही, तिथे हातातल्या ग्राइंडरने कोरडेच घासतात. पाणी घेतले तर भिंत भिजते, पुसायला वेळ जातो आणि हातातल्या विजेच्या यंत्राजवळ पाणी नको वाटते. कोरड्या घासाईने दगड तापतो, गोल ओरखडे उठतात आणि खोली पांढऱ्या धुक्याने भरून जाते.

या यादीकडे नीट पाहा. लादीला जे जे वाईट, ते ते माणसालाही वाईट आहे. ॲसिडने मार्बल जळतो आणि त्याच्या वाफेने कामगाराचा घसा आणि डोळे जळतात. कोरड्या ग्राइंडरने लादी खराब होते आणि तीच धूळ फुफ्फुसात जाते. घाईने टप्पा गाळला की लादीचे आयुष्य घटते, आणि ती घाई भरून काढायला कामगार बारा-बारा तास राबतो. म्हणून स्वस्तातले पॉलिश हा मालकाचा फायदा आणि मजुराचा तोटा, एवढा सरळ हिशेब नाही. त्यात दोघांचाही तोटा आहे. फरक एवढाच की मालकाचा तोटा लादी पुन्हा घासून भरून निघतो. मजुराचे फुफ्फुस पुन्हा घासून देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

ही धूळ साधी नाही. वाळू, ग्रॅनाइट, सिमेंटचा माल, भाजलेल्या टाइल्स यांत सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे जखम करतात, जखमेचा वण होतो आणि फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही. तो झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो. पुष्कळदा तर डॉक्टरही दम आणि खोकला पाहून क्षयाचीच औषधे देतात आणि मूळ रोग कागदावर येतच नाही. कागदावर आला नाही म्हणजे भरपाई नाही. मार्बलमध्ये सिलिका कमी असते, ग्रॅनाइटमध्ये पुष्कळ. आणि हल्ली स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी जो कृत्रिम क्वार्ट्झचा दगड वापरतात त्यात तर ९० टक्क्यांच्या घरात असू शकते. तो दगड कापणारे तरुण कामगार या रोगाने पछाडलेले आढळले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. आपल्याकडे तोच दगड 'प्रीमियम' म्हणून विकला जातो.

हा रोग कुणाला होतो हेही सांगितले पाहिजे. गुजरातमधल्या गोध्रा भागातल्या दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन गावी परतले. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालयाने मृत २३८ कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. माणसे मरून गेल्यावर आलेला हा न्याय! ज्या राजस्थानातून आपल्याकडे कोटा आणि मार्बल येतो, त्या राज्याने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी वेगळे धोरण केले. रोगाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख अशी त्यात तरतूद आहे. दगड काढणाऱ्या राज्याला हे मान्य करावे लागले. मग तो दगड घासून चकाकवणाऱ्या शहरांनी डोळे का मिटावेत?

महाराष्ट्रात दगडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणी केले? वडारांनी, बेलदारांनी, पाथरवटांनी. किल्ल्यांचे बुरूज, देवळांचे गाभारे, वाड्यांचे चौक यांच्याच घामाने उभे राहिले. इमारत उभी राहिली की तिच्यावरचा हक्क दुसऱ्याचा आणि घडवणारा गावकुसाबाहेर पालात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच उघडे केले होते, की जातीने नुसती कामे वाटली नाहीत, तर काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांच्या वर-खाली रचून ठेवले. ही उतरंड आज लिफ्टच्या दाराशी दिसते. अनेक सोसायट्यांत कामगारांनी मोठी लिफ्ट वापरायची नाही. ८०-९० किलोचे यंत्र असले तरी जिन्याने न्यायचे. संडास वापरायचा नाही, खाली वॉचमनचा वापरायचा. चहा द्यायचा तर जुन्या फुटक्या कपात किंवा कागदी पेल्यात. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, पण ती जात न विचारता, काम पाहून, पुन्हा दारात उभी आहे. आपल्यातले जे लोक अशा सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत, त्यांनी हा नियम कधी मोडला का? की आपले आडनाव झाकून आपणही त्यावर सही केली?

आणखी एक साखळी पाहा. पॉलिश करताना बादल्याच्या बादल्या पांढरा-करडा चिखल निघतो. त्यात दगडाची पूड असते आणि सिमेंटही असते. कारागीर तो बाथरूमच्या मोरीत ओततो, कारण मालकाने दुसरी जागा दाखवलेली नसते. तो गाळ पाइपात बसतो आणि घट्ट होतो. महिन्याभराने इमारतीचे चेंबर तुंबते. मग सोसायटी कुणाला बोलावते? गटार साफ करणाऱ्याला. तो कोण असतो, कुठल्या वस्तीतला असतो, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरीही माणसे उतरवली जातात. आपल्या दिवाणखान्याची चकाकी अशी एका कामगाराच्या छातीतून निघून दुसऱ्या कामगाराच्या गटारापर्यंत जाते. हा चिखल एका पिंपात साठवून ठेवला, रात्रभर खाली बसू दिला, वरचे पाणी काढून घेतले आणि खालचा गाळ गोणीत भरून राडारोड्याबरोबर दिला, तर एक माणूस गटारात उतरण्यापासून वाचू शकतो. याला खर्च किती? दोन पिंपे आणि चार गोण्या.

आता कायद्याचे बोलू. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. त्यातून राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे आली, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसला. महाराष्ट्राच्या मंडळाने ज्या कामांची यादी केली त्यात लादी किंवा टाइल्स कापणे व पॉलिश करणे हे काम स्पष्टपणे आहे. म्हणजे लादी पॉलिश करणारा हा बांधकाम कामगार आहे, हे सरकारला मान्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत सामावला गेला. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी, मंडळ आणि उपकर या गोष्टी सामाजिक सुरक्षा संहितेत राहिल्या. परंतु गोम पुढे आहे. ज्या कामावर दहापेक्षा कमी कामगार असतील ते काम, आणि ५० लाखांपर्यंत खर्चाचे स्वतःच्या राहत्या घराचे काम, संहितेच्या व्याख्येतच धरलेले नाही. लादी पॉलिशची टोळी असते तीन माणसांची आणि काम असते कुणाच्या तरी राहत्या घराचे. म्हणजे यादीत नाव आहे, पण व्याख्येत जागा नाही! या माणसाने ९० दिवस कुठून सिद्ध करायचे? तो इथे दोन दिवस, तिथे तीन दिवस. ठेकेदार लिहून देत नाही, घरमालक तर विचारातही घेत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळातल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तासांच्या दिवसाचा लाभ आज आपल्यातला प्रत्येक नोकरदार घेतो. बँकेत घेतो, मंत्रालयात घेतो, शाळेत घेतो. मग आपल्या घरात उक्ते काम घेतलेला कामगार सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत घासत असतो तेव्हा आपल्याला तो कायदा का आठवत नाही? उक्ते काम आहे, त्याने किती तास करायचे ते त्याचे तो पाहील, असे आपण म्हणतो. गिरणीमालक तरी वेगळे काय म्हणत होते?

सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. नाका कामगाराच्या नोंदणीसाठी ९० दिवसांचा दाखला देण्याची सोपी पद्धत हवी, व्याख्येतली दहा कामगारांची अट अशा कामांसाठी काढायला हवी आणि महाराष्ट्रानेही राजस्थानप्रमाणे सिलिकोसिसचे धोरण आणायला हवे. नाक्यावर तपासणीची गाडी महिन्यातून एकदा उभी राहिली तर कितीतरी लपलेले रुग्ण सापडतील. आपल्या लोकप्रतिनिधींनी हे विधिमंडळात मांडावे. पण सरकार करील तेव्हा करील. आपल्या उंबऱ्याच्या आत जे चालते त्यासाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा कारागीर बोलावताना काय करावे? सर्वांत आधी कामाचे माप दोघांनी मिळून घ्यावे. जमीन चौरस फुटांत, भिंतीलगतची पट्टी आणि पायऱ्या वेगळ्या, लांबीच्या फुटांत. एका कोपऱ्यात चार-पाच चौरस फुटांचा नमुना करून घ्यावा आणि तो ओल्या फडक्याने चांगला चोळून, सुकवून पाहावा. चकाकी दगडाची असेल तर टिकते, मेणाची असेल तर उतरते. नमुना पसंत पडला की साध्या कागदावर लिहावे: किती टप्पे, कोणत्या नंबरचे दगड, सांधे कोण भरणार, दगड व पूड कुणाची, किती दिवस, किती पैसे, आगाऊ किती आणि बाकी कधी. ॲसिडने धुवायचे नाही, हेही लिहावे. काम संपल्याच्या दिवशी पैसे द्यावेत. महिनाभर फेऱ्या मारायला लावू नयेत. त्या कागदाची एक प्रत कारागिराला द्यावी आणि त्यावर कामगारांची नावे, कामाच्या तारखा आणि आपली सही असावी. आपल्यासाठी तो चिठोरा आहे. त्याच्यासाठी असे तीस कागद म्हणजे वर्षभरात आपण काम केले याचा पुरावा आहे. मंडळाच्या दारात उभे राहताना त्याच्या हातात काहीतरी असेल.

दुसरे, कोरडी घासाई होऊ देऊ नये. कोपऱ्यांतही पाणी लावून, शक्य तिथे हाताने दगड फिरवून काम करायला सांगावे आणि त्याचा जास्त वेळ दरात धरावा. जिथे ग्राइंडर टाळताच येत नाही तिथे धूळ ओढणारे यंत्र आणि एन-९५ प्रतीचा मास्क हवा. तोंडाला गुंडाळलेला रुमाल सिलिकाचे कण अडवत नाही. हा मास्क कारागिराने आणावा अशी अपेक्षा धरू नये, आपण आणून द्यावा. तिसरे, वीज. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवायचे असते. वायरला चिकटपट्टीचे सांधे असतील तर काम सुरूच करू देऊ नये. घरात गळतीच्या विजेला बंद पाडणारा ईएलसीबी असलाच पाहिजे. तो आपल्या मुलाबाळांनाही वाचवतो. रबरी बूट आणि हातमोजे हवेत, कारण ऑक्झॅलिक ॲसिड कातडीला आणि डोळ्यांना बाधते. चौथे, चिखलासाठी पिंप. आणि पाचवे, ज्याला पैसे लागत नाहीत ते. प्यायचे पाणी, घरातला संडास, लिफ्ट आणि आपण पितो त्याच कपात चहा.

पॉलिश झाल्यावरची रोजची निगा पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या हातात असते. ती करणारी बाई आपल्याच वस्तीतली असते, कधी आपलीच आई किंवा मावशी तिच्या जागी होती. तिच्या हाती ॲसिडची बाटली देऊ नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. मार्बल, कोटा, मोझॅक यांना साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. दारात पायपुसणे ठेवले तर निम्मी वाळू बाहेरच राहते, आणि लादीची खरी झीज त्या वाळूनेच होते. सांडलेले लगेच पुसावे. वाकून पुसायला लावण्यापेक्षा लांब दांड्याचा पोछा द्यावा, म्हणजे तिचे गुडघे आणि कंबर शाबूत राहतील. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्या घरी येणाऱ्या बाईची त्यात नोंद आहे का, एवढे विचारायला काय हरकत आहे?

शेवटी आपल्या विहारांबद्दल आणि समाजमंदिरांबद्दल. १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी निघते, रंगरंगोटी होते, मार्बलला पॉलिश मारून घेतले जाते. जयंतीच्या आदल्या रात्रीपर्यंत यंत्र घरघरत असते, कारण कमिटीने काम उशिरा दिलेले असते आणि सकाळी वंदनेच्या आत सगळे चकाचक हवे असते. ज्या वास्तूत समतेची शपथ घ्यायची, तिची जमीन कुणाला रात्रभर धुळीत बसवून घासून घेतलेली असावी, हे कुठल्या तत्त्वात बसते? विहार कमिट्यांनी यंदापासून एक ठराव करावा. काम महिनाभर आधी द्यायचे, लेखी द्यायचे, ओले करून घ्यायचे, कामगारांना ९० दिवसांच्या दाखल्यासाठी उपयोगी पडेल असा कागद विहाराच्या शिक्क्यासह द्यायचा, आणि नोंदणीचा व ई-श्रमचा अर्ज वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी तिथेच भरून द्यायचा. एका कामगाराची नोंद झाली तर त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा होतो. जयंतीच्या खर्चात याहून मोलाचा खर्च दुसरा कोणता?

उद्या पॉलिशवाला दारात येईल तेव्हा दर जरूर विचारा. घामाचा पैसा आहे, तो नीट वापरलाच पाहिजे. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, पाणी घेऊन घासणार की कोरडे? त्याचे उत्तर ऐकून दर ठरवा. दोन पैसे जास्त गेले तर लादी जास्त टिकेल आणि ती घासणारा माणूसही टिकेल.